सासूबाईंचा अंदाज वहीत कसा उतरवायचा, आणि शेंगापोळी का फुटते

तू विचारलंयस की सासूबाईंच्या बोटांना संधिवात आहे, त्यांना आता लाटणं-थापणं जमत नाही, त्यामुळे यंदा भोगी आणि संक्रांतीचा सगळा स्वयंपाक तुझ्यावर आलाय, सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला येणारे गावाकडचे पाहुणे धरून वीसेक पानं होणार, आणि त्यांना प्रमाण विचारलं की त्या "अंदाजाने घाल की" एवढंच सांगतात. त्यात तुझी शेंगापोळी फुटून गूळ तव्यावर येतो, बाजरीची भाकरी थापताना चिरते, आणि पुण्याच्या दिराला डबा पाठवायचाय तर काय किती दिवस टिकेल हेही हवंय. मी सोलापुरातच शेंगापोळी, कडक भाकरी आणि चटणीच्या ऑर्डरी घेते, बरीच वर्षं झाली, त्यामुळे जे रोज हाताखालून जातं तेच सांगते. वयाने मोठी असणार म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

आधी अंदाजाचं बघू, कारण बाकी सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. सासूबाई मुद्दाम सांगत नाहीत असं मनात सुद्धा आणू नकोस. ज्या बाईने आयुष्यभर मुठीने पीठ आणि चिमटीने मीठ घेतलंय तिच्याकडे आकडा नसतोच, तिच्याकडे हाताला लागणारा मऊपणा असतो, नाकाला येणारा वास असतो. तिला "किती वाट्या?" विचारलं की ती बिचारी काहीतरी सांगते, दोन म्हणते, आणि त्या दोनवर तू पोळ्या केल्यास की बिघडतात, कारण तिने स्वतः कधी त्या दोनने केलेल्याच नसतात. म्हणून विचारू नकोस, मोज. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा आण. सासूबाई सारण कालवायला बसायच्या आधी शेंगदाण्याचा डबा, गुळाचा, तिळाचा, कणकेचा, तेलाची किटली, सगळं आहे तसं झाकणासकट काट्यावर ठेवून वजन लिहून ठेव. मग त्यांना त्यांच्या हाताने, त्यांच्या नेहमीच्या वाटीने काय घ्यायचं ते घेऊ दे, मधे "थांबा थांबा आई, मोजते" असं अजिबात करायचं नाही, तसं केलं की हात बिचकतो आणि अंदाज बदलतो. सगळं झालं की तेच डबे परत काट्यावर ठेव. आधीच्या आणि नंतरच्या वजनातला फरक म्हणजे तुमच्या घरचं प्रमाण. पाण्याचंही तसंच, मापाचा तांब्या भरून शेजारी ठेव, उरलेलं पाणी मोज.

लाटणं त्यांना जमत नसलं तरी बसल्या जागी सारण कालवता येतं, कणकेत बोट घालून "अजून दोन थेंब" सांगता येतं, आणि तेच तर तुला हवंय. लाटायला तू आहेस. हे संक्रांतीच्या आठवडाभर आधी अर्ध्या प्रमाणात एकदा करून बघा दोघी मिळून. सणाच्या दिवशी शिकायला बसू नये, त्या दिवशी घरात माणसं असतात, गॅसवर चार भांडी असतात आणि कुणाचंच कुणाकडे लक्ष नसतं.

काट्याला जे कळत नाही त्यासाठी मात्र विचारावंच लागतं, पण प्रश्न बदलून विचार. "किती वेळ भाजू?" असं नको, "कशावरून कळतं झालं म्हणून?" असं विचार. मग बघ कशा भरभरून बोलतात. शेंगदाणे भाजताना आधी तडतड आवाज येतो, तो कमी होत गेला, एक दाणा बोटांत चोळला की साल आपोआप सुटलं आणि आतला दाणा पांढरा न राहता बिस्किटासारखा झाला की उतरवायचे, हे कुठल्याही घड्याळापेक्षा खरं आहे कारण तुझी कढई वेगळी, गॅस वेगळा, शेंगदाण्यातला ओलावा वेगळा. त्या जे शब्द वापरतील तेच वहीत लिही, सुधारून शुद्ध वगैरे करू नकोस. आणि त्यांच्या हाताचा फोनवर व्हिडिओ काढून ठेव, चेहऱ्याचा नको, हातांचा. कणीक किती दाबतात, बोट उचलल्यावर किती उठते हे लिहून कळत नाही, बघूनच कळतं.

आता शेंगापोळी. मी जे प्रमाण घेते ते सांगते म्हणजे घरचं हाती येईपर्यंत तुला आधार राहील. साधारण २० पोळ्यांना अर्धा किलो कच्चे शेंगदाणे, ४०० ग्रॅम गूळ, ५० ग्रॅम पांढरे तीळ, २ मोठे चमचे खसखस, वेलची आणि थोडं जायफळ. वरच्या पारीसाठी अर्धा किलो कणीक, १०० ग्रॅम मैदा, चिमूटभर मीठ आणि ४ मोठे चमचे कडकडीत तेलाचं मोहन. गोड जास्त आवडत असेल तर गूळ शेंगदाण्याइतकाच घे, पण मग पोळी तव्यावर जास्त सांभाळावी लागते. तुझी जर २० पानं असतील तर २० पोळ्या पुरणार नाहीत हे लक्षात ठेव, माणशी दीड-दोन धर आणि शिवाय वाटायला लागतातच, शेजारी, कामवाली मावशी, ऑफिसातले, म्हणजे दुप्पट तर करच.

गूळ कुठला घेतेस याला फार महत्त्व आहे. चिक्कीचा गूळ पोळीला घ्यायचा नाही, तो गार झाला की कडक होतो, दुसऱ्या दिवशी पोळी दाताला लागते. साधा, जरा मऊसर, गडद रंगाचा गूळ बघ. फार पिवळाधमक दिसणारा गूळ मी घेत नाही, तो रंग यायला हायड्रोस नावाचं रसायन घालतात पुष्कळ ठिकाणी. आणि घेताना एक खडा तोंडात टाकून बघच, काही गूळ खारट लागतो, क्षारपड जमिनीतल्या उसाचा असला की तसं होतं, आणि तो खारटपणा पोळीत लपत नाही. दुकानदार चव घेऊ देतो, लाजायचं काही नाही, मंगळवार पेठेत मी दर वर्षी चव घेतल्याशिवाय ढेप उचलत नाही.

कूट करताना शेंगदाणे पूर्ण गार होऊ देत, साल पाखडून काढ, मग मिक्सरला थांबत थांबत फिरव, एकदम सलग फिरवलं की तेल सुटून लगदा होतो. रवाळच हवं पण जाड कण नकोत, जाड कण पारीला आतून टोचतात. मग किसलेला गूळ त्या कुटात घालून दोन्ही मिळून परत दोन-तीनदा फिरव. या वेळी मिक्सरच्या उबेने गूळ मऊ होतो, शेंगदाण्याचं तेल थोडं सुटतं आणि सारण आपोआप मुठीत वळायला लागतं. पाणी घालू नकोस. अगदीच भुगा राहिला तर चमचाभर तूप किंवा दूध घाल, पण दूध घातलेल्या पोळ्या टिकायला कमी, त्या घरात लगेच खायच्या. तीळ आणि खसखस वेगवेगळे भाजून, तीळ जरा जाडसर कुटून मग मिसळायचे. सारण आदल्या दिवशी करून झाकून ठेवलं तर अजून चांगलं, गूळ सगळीकडे सारखा मुरतो.

आणि आता तुझा मुख्य प्रश्न, फुटते का. बहुतेक वेळा याचं कारण एकच असतं, आतलं आणि बाहेरचं सारखं मऊ नसतं. सारण घट्ट आणि कणीक सैल असली की लाटण्याखाली कणीक पुढे पळते, सारण मधेच गोळा होऊन बसतं आणि मग पारी फाटते. उलटं, कणीक घट्ट आणि सारण सैल असेल तर सारण कडेला ढकललं जाऊन तिथून बाहेर येतं. म्हणून सारणाची एक गोळी आणि कणकेची एक गोळी शेजारी शेजारी घेऊन दोन्हीत अंगठा दाब, दोन्हीत सारखाच रुतला पाहिजे. एवढं जमलं ना, अर्धी लढाई जिंकलीस. बाकी किती ग्रॅम घेतलंस त्याने इतका फरक पडत नाही. कणीक पुरणपोळीसारखी सैल, तेलात बुडवून ठेवायची नसते इथे, चपातीच्या कणकेपेक्षा किंचित घट्ट भिजवायची आणि निदान अर्धा तास झाकून ठेवायची.

दुसरं कारण गुळाचे खडे. लाटताना तो खडा दिसत नाही, पण तव्यावर तापला की वितळतो, त्या जागी पारीला भोक पडतं आणि त्याच भोकातून बाहेर वाहतो. म्हणून गूळ किसणीनेच किसायचा आणि सारण एकदा हाताने चोळून बघायचं, बोटाला खडा लागला की फोडायचा. तिसरं म्हणजे आच. फास्ट गॅसवर गूळ कणकेच्या आधी वितळतो. तवा आधी चांगला तापव आणि पोळी टाकली की आच मध्यम कर. एक बाजू रंग बदलेपर्यंत, मग उलट, तिकडे बदामी ठिपके आले की परत एकदा, बास. चार-चारदा उलथली की फाटणारच.

नवीन माणसाने पुरणासारखं भरून लाटू नये असं माझं मत आहे, जुन्या बायका भरूनच करतात आणि त्यांना ते छान जमतं, पण तू दोन लाट्यांची कर. कणकेच्या दोन छोट्या पुऱ्या लाट, साधारण तळहाताएवढ्या, सारणाची गोळी हाताने चपटी करून एकीवर पसर, अगदी कडेच्या जवळपर्यंत, वर दुसरी ठेव, कडा बोटाने दाब आणि तांदळाच्या पिठीवर लाट. लाटताना मधे जोर द्यायचा नाही, कडेकडेने फिरवत जायचं म्हणजे सारण स्वतःच बाहेरच्या दिशेला सरकतं. कडेला नुसती कणीक राहिली तर ती भाजून कडक होते आणि मुलं ताटात काठ सोडून देतात, फार वाईट वाटतं बघ ते. कडेला कणीक जास्तच राहिली तर कातणीने कापून टाक सरळ.

आणि एखादी फुटलीच तर लगेच तवा पुसायचा, एक जुनं सुती फडकं ओलं करून घट्ट पिळून शेजारी ठेवायचं, जपून, तवा गरम असतो. तव्यावर राहिलेला गूळ जळून काळा होतो, त्याला पुढची पोळी चिकटते, ती फाटते, तिचा गूळ परत तव्यावर, असं एक फुटली की मागोमाग चार फुटतात. बायकांना वाटतं आज हातच बसत नाहीये, पण हाताचं काही नसतं, तवा पुसलेला नसतो.

भाजलेल्या पोळ्या एकावर एक रचायच्या नाहीत. सुती कापडावर एकेक सुटी पसर, पूर्ण गार होऊ दे मगच रच. गरम रचल्या की वाफ धरते, पारी चामट होते आणि टिकायलाही कमी.

आता भोगी. भोगीची भाजी, आमच्याकडे काहीजण खेंगट म्हणतात, तिचं २० जणांचं मोजमाप असं: १ किलो छोटी वांगी, अर्धा किलो गाजर, सोलाणा म्हणजे ओला हरभरा, पावट्याचे दाणे आणि मटार पाव पाव किलो, पाव किलो घेवडा, मूठ-दोन मूठ ओल्या शेंगांचे दाणे, आठ-दहा बोरं, दीडशे ग्रॅम शेंगदाण्याचं कूट, १०० ग्रॅम भाजलेल्या तिळाचं कूट, चिंच, गूळ आणि आपलं सोलापूरचं काळं तिखट. लक्ष्मी मंडईत भोगीच्या आदल्या दिवशी हे सगळं एकत्र निवडून मिळतं पण दर चढलेला असतो आणि सोललेला हरभरा शिळा असण्याची शक्यता असते, त्यामुळे हरभऱ्याच्या जुड्या आणून घरी सोलायला बसा, पाहुणे आलेलेच असतात, चार हात लागले की तासाभरात होतं.

ही भाजी कुकरला लावू नकोस, वांग्याचा लगदा होतो. जाड बुडाच्या पातेल्यात फोडणीवर आधी पावटा, हरभरा, शेंगदाणे हे टणक दाणे घालून थोड्या गरम पाण्यात झाकून शिजव, ते निम्मे शिजले की गाजर-घेवडा, मग वांगी, बोरं अगदी शेवटी. आणि चिंचेचा कोळ कधीच सुरुवातीला नाही. आंबट पडलं की दाण्यांची सालं मऊ व्हायचं थांबतात, मग तू तासभर शिजवलंस तरी पावटा दाताखाली कचकच लागतो. दाणा बोटाने दाबून मोडला की मगच चिंच-गूळ घाल, त्यानंतर दोन्ही कूट घालून पाच-सात मिनिटं उकळी. तिळाचं कूट घातल्यावर ती घट्ट होत जाते, म्हणून उतरवताना तुला वाटतं त्यापेक्षा जरा पातळच ठेव.

बाजरीची भाकरी चिरते म्हणालीस. पहिला प्रश्न, पीठ किती दिवसांचं आहे? बाजरीत ज्वारी-गव्हापेक्षा तेलाचा अंश जास्त असतो, दळल्यावर ते तेल हवेला लागून पीठ लवकर कडवट होतं, आणि विरी गेलेलं पीठ तू कितीही मळलंस तरी थापताना चिरणारच. आठवड्यात संपेल एवढीच बाजरी गिरणीतून दळून आण, भोगीसाठी तर दोन दिवस आधी. दुकानातलं पाकीट या कामाला घेऊ नकोस, ते कधी दळलंय सांगता येत नाही. दुसरं पाणी. गव्हात चिकटपणा अंगचाच असतो, बाजरीत तो नसतो, तिथे पीठ धरून ठेवायचं काम गरम पाणी करतं. चांगलं कढत पाणी पिठाच्या मधोमध ओत, उलथन्याने कालवून दोन मिनिटं झाक, मग हाताला सोसेल तसं तळहाताच्या टाचेने रगडून मळ. एका वेळी एकाच भाकरीचं पीठ मळायचं, दहा भाकऱ्यांचं एकदम मळून ठेवलंस तर दुसऱ्या-तिसऱ्या भाकरीपासूनच चिरायला लागेल. गोळा वळल्यावर तळहातावर दाबून बघ, कडेला भेगा पडल्या तर अजून पाण्याचा हात लाव आणि रगड, थापायला घेऊच नकोस.

थापताना परातीत पीठ भरपूर टाक, म्हणजे भाकरी फिरती राहते. एका हाताने थापायचं आणि दुसऱ्या हाताने कड सावरायची. तीळ शेवटी शेवटी वरून टाकून हलक्या हाताने दाबायचे. तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवताना सगळीकडे सारखं फिरव, कोरडी जागा राहिली की तिथे पांढरा डाग राहतो आणि फुगताना तिथूनच फुटते. पाणी सुकत आलं पण अजून ओलसर आहे तेव्हा उलटायची, पूर्ण वाळू दिलंस की तडे जातात. २० जणांच्या भाकऱ्या एकटीने थापू नकोस गं, गावाकडून येणाऱ्या चुलत सासवा-जावा असतील त्यांना हक्काने बसव, त्यांना बरंच वाटेल, आणि तुझ्यापेक्षा त्यांचा हात पक्का असणार.

भोगीला लोणी आणि शेंगाची चटणी तर असणारच. चटणीबद्दल एवढंच की ती मिक्सरमध्ये भुकटी करायची गोष्ट नाही. शेंगापोळीचं कूट करताना तेल सुटू द्यायचं नाही, आणि चटणीत बरोबर उलटं, तेल सुटेपर्यंत कांडायची. खलबत्त्यात लसूण, मीठ, जिरं आधी, मग तिखट, मग भाजलेले शेंगदाणे, आणि कांडत राहायचं, हळूहळू ती खलबत्त्याच्या कडेला चिकटायला लागते आणि चमक येते. वरून तेल घालून ती चव येत नाही. जास्त हवी असेल तर डंकावरून कांडून आण, सोलापुरात अजून कांडून देणारे आहेत, त्याचा फायदा घे.

आता कुणीतरी पाहुणी येऊन म्हणेलच की "आमच्यात असं नाही करत". म्हणू दे. आपल्या गावात एका गल्लीत तीन तऱ्हेची संक्रांत असते. लिंगायत घरांत तीळ लावलेली बाजरीची कडक रोट्टी आणि शेंगा होळगी होते, पूर्व भागातल्या पद्मशाली घरांत तांदळाच्या पिठाची सकिनालू तळतात, मराठ्यांकडे, माळ्यांकडे गुळाच्या पोळीत बेसन भाजून घालतात. या घरातून त्या घरात वाटी गेली की त्या वाटीबरोबर पद्धतही गेलेली आहे, त्यामुळे खरी सोलापुरी कुठली याच्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. तुमच्या घरात पोळीत सुंठ घालत असतील आणि मी घालत नसेन तर तू सुंठच घाल. तुझ्या सासूबाईंची चव तुझ्या मुलांपर्यंत जायला पाहिजे, माझी नाही. मी सांगतेय ते फक्त पोळी फुटू नये म्हणून.

कामाची वाटणी मी अशी करेन. चार दिवस आधी शेंगदाणे आणि तीळ भाजून साफ करून घे, चटणी कांडून ठेव, तिळाचे लाडू वळून टाक. लाडवाच्या पाकाचं एकच सांगते, थेंब गार पाण्यात टाकला की बोटांनी त्याची मऊ गोळी वळली पाहिजे, गोळी ताटात टाकल्यावर टण्णकन वाजली तर तो चिक्कीचा पाक झाला, त्याचे लाडू दगड होतात. भोगीच्या आदल्या दिवशी पोळीचं सारण आणि भाजी सोलणं. भोगीला सकाळी भाजी-भाकरी-खिचडी, ज्यांच्यात राळ्याचा भात असतो त्यांनी तो, आणि संध्याकाळी सगळे गड्ड्यावर होम मैदानात गेले की शांतपणे पोळ्या लाटायला बस. गुळाची पोळी दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते, त्यामुळे सणाच्या सकाळी ताज्या करायचा अट्टहास करू नकोस. नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता सोहळा हे सगळं याच दिवसांत असतं, घरातली पुरुष मंडळी बाराबंदी, म्हणजे यात्रेचा पांढरा पोशाख, घालून सकाळीच निघतात, आणि सुनांनी मात्र तव्यासमोरच उभं राहायचं हे मला मुळीच पटत नाही. पोळ्या आदल्या दिवशी झालेल्या असल्या की संक्रांतीला वरण-भात, एक भाजी आणि भजी एवढंच उरतं, आणि तुलाही यात्रेला जाता येतं. सासूबाईंना बरोबर ने, वर्षभर वाट बघतात त्या.

राहिली ती पुण्याची गोष्ट. शेंगापोळ्या पाण्या-दुधाशिवाय केलेल्या असतील, पूर्ण गार करून भरल्या असतील तर थंडीत आठ दिवस बाहेर आरामात राहतात. त्यानंतर खराब नाही होत लगेच, पण शेंगदाण्याला खवट वास यायला लागतो, म्हणून सांगून ठेव की आठवड्यात संपव. दोन पोळ्यांच्या मधे बटर पेपर घाल. भोगीची भाजी पाठवायच्या भानगडीत पडू नकोस, त्याऐवजी कडक भाकरी पाठव, ती महिनाभर राहते आणि पुण्यात एकट्या राहणाऱ्या मुलाच्या फार उपयोगाची.

कडक भाकरी ज्वारीचीच कर, आपली मालदांडी, मंगळवेढ्याकडची मिळाली तर सोनं. जीआय मानांकन उगीच नाही मिळालेलं तिला. पीठ बारीक दळून आण, नेहमीपेक्षा पातळ थाप, जवळजवळ पोळीएवढी, दोन्ही बाजूंनी नीट भाजून घे, आणि मग फुलवायला न टाकता तवा अगदी मंद आचेवर ठेवून कापडाच्या बोळ्याने दाबत दाबत वाळव. घाई केलीस तर वरून करपते आणि आत ओल राहते, आणि ओल राहिलेल्या भाकरीला चार-पाच दिवसांत बुरशी लागते. झाली का नाही ते ऐकून कळतं, नखाने टिचकी मार, पापडासारखा आवाज आला तर झाली, दबका आला तर अजून ठेव. सगळ्या झाल्यावर तास-दोन तास उघड्यावर गार होऊ दे आणि मगच घट्ट झाकणाच्या डब्यात भर.

डबा भरताना खाली कडक भाकऱ्या, मोकळ्या राहिलेल्या जागेत कागद कोंबून, म्हणजे हलून चुरा होत नाही, त्यावर चटणीची बरणी उभी, आणि पोळ्या वेगळ्या चपट्या डब्यात. चटणी आणि पोळी एकाच डब्यात कधीच नाही, लसणाचा वास पोळीला लागतो आणि मग तो जात नाही. हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाणारं ओळखीचं कोणी असेल तर त्यांच्या हाती दे, कुरिअरमध्ये आपटतात. तूप लावून पोळ्या पाठवू नकोस, मऊ पडून चिकटतात. तुपाची छोटी बाटली वेगळी दे आणि दिराला सांग की पोळी खाताना कोरड्या तव्यावर मंद आचेवर जरा गरम करून मग वर तूप घालायचं, मायक्रोवेव्हमध्ये टाकायची नाही, त्यात गूळ एकदम तापतो, तोंड भाजतं आणि पारी चिवट होते.